मेळाव्यातील प्रवासी, हातातील फोन आणि आरोग्याची नोंद

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय थोडा नवा आहे. लाखो लोक एकत्र जमतात अशा ठिकाणी येणाऱ्या प्रवाशांच्या आरोग्यावर स्मार्टफोनमधील ॲपच्या साहाय्याने लक्ष कसे ठेवता येईल, असा तो विषय आहे. हे काम डॉक्टरांचे आणि संगणकवाल्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. परंतु ६ डिसेंबरला दादरला, विजयादशमीला नागपूरला आणि १ जानेवारीला भीमा-कोरेगावला या सभागृहातील किती घरांतून माणसे जातात, याचा विचार करावा. रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने प्रवास होतो, रात्र मैदानावर निघते, मिळेल तेथे पाणी प्यावे लागते. परत आल्यावर दोन-चार दिवसांनी कोणाला जुलाब होतात, कोणाला ताप येतो. आपण गावच्या डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो आणि विसरून जातो. त्या तापाचा प्रवासाशी काही संबंध होता की नाही, हे कोणी तपासत नाही. तोच ताप त्याच आठवड्यात आणखी वीस गावांत वीस जणांना आलेला असतो, पण त्या वीस डॉक्टरांची एकमेकांशी गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

रोग गर्दीबरोबर घरी येतो :

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या मेळाव्याची व्याख्या केवळ आकड्याने करीत नाही. ज्या जमावामुळे तेथील गावाच्या किंवा शहराच्या नेहमीच्या व्यवस्थेवर ताण येतो, तो मोठा मेळावा, असे ती मानते. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात पन्नास हजार माणसे आली तरी तो मोठाच मेळावा. पाणी, संडास, दवाखाना, रस्ता या चार गोष्टी अपुऱ्या पडू लागल्या की रोगाला वाट मिळते.

याचा इतिहास जुना आहे. १८६५ साली मक्केच्या हज यात्रेत पटकीची साथ आली आणि सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार मरण पावल्याचा अंदाज त्या वेळी नोंदविला गेला. साथ तेथेच थांबली नाही. परतणाऱ्या यात्रेकरूंच्या बोटींबरोबर ती इजिप्तमध्ये गेली आणि तेथून युरोपात पोहोचली. त्यामुळेच १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवावी लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६७ मध्ये, हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून परतणाऱ्या लोकांबरोबर पटकी पंजाबमार्गे पेशावरपर्यंत गेली. मेळा उठला, राहुट्या निघाल्या, सरकारी माणसे परतली आणि साथ मात्र रस्त्यारस्त्याने पुढे चालत राहिली.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला अधिशयन काळ म्हणतात. पटकीत तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. इन्फ्लुएंझात एक ते चार दिवस, डेंग्यूत चार ते दहा दिवस, विषमज्वरात सहापासून तीस दिवसांपर्यंत. मेळावा दोन दिवसांचा असेल, तर मैदानावरच्या तंबूतील डॉक्टरला विषमज्वराचा एकही रुग्ण दिसणार नाही. तो रुग्ण तीन आठवड्यांनी वाशीमला, परभणीला किंवा गुलबर्ग्याला दिसेल. याच कारणाने मैदानावरील दवाखाना कितीही चांगला असला, तरी त्याला मेळाव्याचे आरोग्य अर्धेच दिसते.

आपल्या काळातील उदाहरण २००० सालच्या हजचे आहे. त्या वर्षी मेंदूज्वराच्या एका वेगळ्या प्रकारच्या जंतूची लागण झाली. रुग्ण आढळले ते ब्रिटन, फ्रान्स, सिंगापूर अशा अनेक देशांत, घरी परतलेल्या यात्रेकरूंमध्ये आणि त्यांच्या घरच्या माणसांमध्ये. निरनिराळ्या देशांनी आपापल्या नोंदी एकमेकांना कळविल्या म्हणून या रोगाचे मूळ लक्षात आले आणि पुढे यात्रेकरूंसाठी त्या जंतूविरुद्धची लस सक्तीची झाली. नोंद जुळली की उपाय सापडतो, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

रजिस्टरपासून फोनपर्यंत :

पूर्वी मेळाव्यातील दवाखान्यात एक जाड रजिस्टर असे. नाव, वय, तक्रार, औषध. संध्याकाळी एकूण रुग्णसंख्या वरिष्ठांना कळविली जाई. त्यातील जुलाबाचे किती, तापाचे किती, कोणत्या भागातले किती, हे मोजायला कोणाला सवड नसे. मेळा संपल्यावर केव्हातरी अहवाल निघे. तोवर माणसे घरी पोहोचलेली असत.

यात पहिला बदल असा झाला की रजिस्टरच्या जागी फोन किंवा टॅबलेट आला. २००९ साली स्वाइन फ्लूची जागतिक साथ चालू असताना हज यात्रा भरली. तेव्हा सौदी अरेबियाच्या आरोग्य खात्याने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मदतीने रुग्णांची माहिती मोबाईल उपकरणावर भरून घेण्याची सोय केली. २०१३ च्या अलाहाबाद, म्हणजे आताच्या प्रयागराज, येथील कुंभमेळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाने भारतीय विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मेळ्यातील इस्पितळांच्या नोंदी टॅबलेटवर उतरविल्या. त्या अनुभवावरून २०१५ मध्ये आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात दवाखान्यांतील नोंदी त्याच तऱ्हेने घेण्यात आल्या. कोणत्या तक्रारीचे रुग्ण कोठे वाढत आहेत, हे मेळा चालू असतानाच अधिकाऱ्यांना दिसू लागले. २०२१ पासून आपल्या देशात सरकारचे नवे रोगसर्वेक्षण संकेतस्थळ सुरू झाले असून त्यावर ३३ रोगांच्या नोंदी उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत संगणकावर भरल्या जातात. आपल्या आशाताई आणि नर्सबाई या कामाच्या पायाशी आहेत.

मात्र या सर्व पद्धतींत एक उणीव राहते. जो दवाखान्यात आला, त्याचीच नोंद होते. जुलाब लागले म्हणून माणूस रांगेत उभा राहीलच असे नाही. बरोबरच्या लोकांची गाडी चुकेल, जागा जाईल, चप्पल हरवेल, म्हणून तो तसाच बसून राहतो. प्रवासातील आजारांची माहिती गोळा करणारे जिओसेंटिनेल नावाचे दवाखान्यांचे जागतिक जाळे १९९५ पासून काम करीत आहे. त्याने पुष्कळ उपयोगी माहिती दिली आहे, पण तेथेही रुग्ण दवाखान्याची पायरी चढेल तेव्हाच नोंद होते.

म्हणून पुढची कल्पना अशी निघाली की, प्रवाशाने स्वतःच आपल्या फोनवर रोज सांगावे, आज मी बरा आहे की नाही. २०१४ साली ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. तेथील आरोग्य यंत्रणेने लोकांसाठी एक ॲप दिले. माणसाने रोज एवढेच सांगायचे, बरे वाटते की बरे वाटत नाही. बरे वाटत नसेल तर दहा लक्षणांच्या यादीतून आपली लक्षणे निवडायची. त्यावरून जुलाबाचा आजार, श्वसनाचा आजार आणि अंगावर पुरळ येणारा आजार असे तीन गट पाडले जात. स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठाने याच दिशेने प्रवाशांसाठी आयटीआयटी नावाचे ॲप केले आहे. ते अनेक भाषांत आहे. प्रवासी रोज थोडक्या प्रश्नांची उत्तरे देतो आणि तो त्या दिवशी कोठे होता, तेथे हवामान कसे होते, ही माहिती उत्तरांशी जोडली जाते. अशा ॲपचा खरा गुण हा की ते प्रवाशाबरोबर घरी येते. मैदानावरील तंबू निघाला तरी खिशातील प्रश्न निघत नाही.

हे काम कसे चालते, हे एका कल्पित हिशोबाने सांगतो. समजा, एका मेळाव्यात हजार माणसे रोज उत्तर देत आहेत. त्यांपैकी रोज दहा-पंधरा जणांना जुलाब होत आहेत. प्रवासात एवढे चालतेच. तिसऱ्या दिवशी हा आकडा पन्नास झाला आणि त्या पन्नासांपैकी चाळीस जण मैदानाच्या एकाच कोपऱ्यात उतरलेले निघाले. आता रोग कोणता, जंतू कोणता, हे अजून कोणालाही ठाऊक नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन दिवस लागतील. पण त्या कोपऱ्यातील टँकर किंवा नळ तपासायला अहवालाची गरज नाही. आरोग्यसेवक तेथे जाईल, ओटी टेस्ट करील, पाण्याला पिवळा रंग आला नाही म्हणजे क्लोरीन नाही हे त्याला जागेवर कळेल आणि ते पाणी बंद होईल. इथे ॲपने फक्त बोट दाखविले. नळ बंद केला तो माणसाने.

जो नोंदीत नाही त्याचे काय?

आता मी विषयाच्या अवघड भागाकडे वळतो. ब्राझीलच्या त्या ॲपवर नऊ हजारांवर लोकांनी नावे नोंदविली, परंतु नियमाने उत्तरे देणारे साधारण निम्मेच निघाले. सामन्यांसाठी तर लाखो लोक आले होते. जो उत्साही आहे, तरुण आहे, शिकलेला आहे, ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग आणि नेट आहे, तो उत्तर देतो. ज्याला खरोखर जास्त त्रास होतो तो माणूस त्या दिवशी फोनकडे पाहतही नाही.

आपल्या देशात हे अंतर आणखी मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल फोन असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. यात साधे बटणांचे फोनही आले. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते. पाहणीनंतर या आकड्यांत वाढ झाली असणार, पण आपल्या वस्तीतील साठीच्या पुढच्या आजीचा विचार करा. पांढरे लुगडे नेसून, पिशवीत भाकरी बांधून, ती दादरला येते. लहान मुलांनाही फोन नसतो. जुलाबाने आणि उन्हाने सर्वांत आधी कोण आडवे पडते? लहान मूल आणि म्हातारे माणूस. म्हणजे ज्यांना धोका जास्त, नेमके तेच ॲपच्या बाहेर. अशा ॲपच्या पडद्यावर सारे काही ठीक दिसू शकते आणि मैदानावर ठीक नसू शकते.

याचा अत्यंत दुःखद दाखला २०२४ च्या हजने दिला. त्या वर्षी जूनमध्ये मक्केत तापमान ५१ अंश सेल्सियसच्या वर गेले. सौदी सरकारने जाहीर केल्याप्रमाणे १,३०१ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी ८३ टक्के माणसे अधिकृत परवान्याशिवाय आलेली होती. नोंदणी झालेल्या यात्रेकरूंसाठी ओळखपत्र होते, ॲप होते, बस होत्या, थंड तंबू होते. बाकीचे भर उन्हात मैलोनमैल चालले. त्यांतील बहुतेकांना अधिकृत यात्रेचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. आधुनिक साधने तेथे भरपूर होती. परंतु यादीतील माणसासाठी ती होती, आणि मृत्यू यादीबाहेरच्या माणसाला गाठत होता.

मित्रहो, मला आज जी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे ती हीच. मेळाव्यातील आरोग्याची कोणतीही योजना, मग ती कागदावरची असो की फोनवरची, तिने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की या मोजणीत कोण आलेले नाही. जे मोजले गेले नाहीत त्यांना काही झाले नाही, असे समजणे फार सोपे असते. शतकानुशतके मोजणीच्या बाहेर राहिलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सांगितल्यावर कोण येणार?

दुसरा प्रश्न उत्तराचा आहे. माणसाने फोनवर कळविले की मला चक्कर येते, डोके दुखते, तर पुढे काय? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात मोठा समारंभ झाला आणि उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. उष्माघात तासा-दोन तासांत माणूस नेतो. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले, माणूस बरळू लागला, की त्याला लगेच सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे लागते, वारा घालावा लागतो, बर्फ मिळाला तर काखेत व मानेवर ठेवावा लागतो आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी लागते. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. अशा वेळी रात्री तयार होणारा आलेख कामाचा नाही. समारंभाची वेळ बदलणे, मंडप घालणे, दर शंभर पावलांवर पाणी ठेवणे, ही कामे ॲप करू शकत नाही, ती आयोजकांनाच करावी लागतात.

शिवाय लाखोंच्या गर्दीत मोबाईलचे नेटवर्क बंद पडते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून नेट नसतानाही उत्तर साठवून ठेवील आणि नेट आल्यावर पाठवील, असेच ॲप मेळाव्यात उपयोगी पडेल. आणि दुसऱ्या टोकाला उत्तर वाचणारा माणूस नेमलेला हवा. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणी काही करणार नाही, तो प्रश्न आजारी माणसाला विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोनदा कळवून कोणी आले नाही, तर तिसऱ्यांदा कोणी कळवीत नाही.

नोंद कोणाच्या हाती?

तिसरा प्रश्न विश्वासाचा. कोविडच्या काळात २ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने आरोग्य सेतू हे ॲप आणले. मे महिन्यात रेल्वेच्या प्रवाशांना आणि कचेऱ्यांतील नोकरदारांना ते सक्तीचे केले गेले आणि पुढे सक्ती सैल झाली. या निमित्ताने देशभर चर्चा झाली की माणूस कोठे जातो, कोणाला भेटतो, ही माहिती किती दिवस राहणार आणि कोण पाहणार. त्याच वेळी एक चांगली गोष्टही घडली, ती विसरता कामा नये. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय झाली. उलट फोन येई आणि त्यावर तब्येतीचे प्रश्न विचारले जात. स्मार्टफोन नसलेल्या माणसाला मोजणीत आणण्याची ही साधी युक्ती मेळाव्यातही वापरता येण्यासारखी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तेव्हा आरोग्याचे ॲप हाती घेताना प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जुलाबाची साथ शोधण्यासाठी वय, लक्षण, दिवस आणि उतरण्याचे ठिकाण एवढी माहिती पुरते. त्यात जातीचा रकाना कशासाठी? आधार क्रमांक कशासाठी? फोनमधील इतरांचे क्रमांक कशासाठी? कोणता माणूस कोणत्या सभेला, कोणत्या मेळाव्याला गेला, याची यादी आरोग्याच्या नावाखाली तयार होत असेल, तर लोक खोटी उत्तरे देतील किंवा देणारच नाहीत. मग खऱ्या साथीच्या वेळी ते साधन निकामी ठरेल. माहिती कमी घ्यावी, नाव घेऊ नये, मेळाव्यानंतर ठरलेल्या दिवसांनी ती पुसून टाकावी आणि हे सर्व मराठीत, मोठ्या अक्षरांत आधीच सांगावे. यात लोकांवर उपकार नाही. त्याशिवाय नोंद खरी होत नाही.

आपण काय करू शकतो?

या सर्वांवरून ॲप नकोच असा निष्कर्ष कोणी काढू नये. मेळाव्यानंतर घरी येणारा रोग पकडण्याचे इतके स्वस्त साधन पूर्वी कधी नव्हते. फक्त ते प्रत्येक माणसाच्या हातात आहे असे गृहीत धरण्याऐवजी, प्रत्येक गटात एका हातात आहे, असे धरून चालावे.

आपल्या गावाहून, वस्तीवरून माणसे एकेकटी जात नाहीत. एक गाडी, एक डबा, एक मंडळ अशी जातात. प्रत्येक तीस-चाळीस माणसांमागे एक विद्यार्थी आरोग्यमित्र म्हणून नेमावा. त्याच्याकडे फोन असतोच. निघण्यापूर्वी त्याने गटातील माणसांची संख्या लिहावी, किती लहान, किती म्हातारे, कोणाला मधुमेह, कोणाला दमा किंवा रक्तदाब आहे आणि कोणी आपली औषधे बरोबर घेतली आहेत, हे विचारावे. ही विचारपूस त्याच्यापाशीच राहील. मग रोज संध्याकाळी, आणि परतल्यावर पुढे दोन आठवडे एक दिवसाआड, त्याने गटाला चारच प्रश्न विचारावेत. कोणाला जुलाब किंवा उलट्या? कोणाला ताप? कोणाला खोकला किंवा दम? कोणाला चक्कर किंवा उन्हाचा त्रास? ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी जाऊन विचारावे. उत्तरांत फक्त आकडे लिहावेत. चाळीसपैकी तीन, चाळीसपैकी शून्य. शून्यही लिहिले पाहिजे, कारण शून्य लिहिल्याशिवाय तीनचा अर्थ कळत नाही.

विद्यार्थ्यांनी येथे एक नियम लक्षात ठेवावा. एकूण किती माणसांपैकी किती आजारी, हे दोन्ही आकडे असतील तरच नोंद कामाची. नुसते पाच आजारी, हे वाक्य अर्धवट आहे. पाचशेपैकी पाच आणि चाळीसपैकी पाच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एकाच गटात एकाच दिवशी तिघा-चौघांना सारखाच त्रास झाला, तर आरोग्यमित्राने ताबडतोब मैदानावरील वैद्यकीय कक्षाला आणि घरी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. मेळाव्याच्या आधीच संस्थेने पत्र लिहून तेथील महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून फोन क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही. आरोग्यमित्राने डॉक्टर होण्याचा प्रयत्न करू नये. त्याच्या पिशवीत क्षारसंजीवनीची पाकिटे असावीत आणि ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाणी कसे करावे, हे त्याला यावे. चमचा चहाचा. जुलाब झालेल्या माणसाला ते घोट-घोट पाजीत राहावे आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले, मूल निपचित पडले, तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठावा.

या कामाला पैसा फारसा लागत नाही. एक साधा तक्ता फोनवर सहज करता येतो. आपल्या संस्थेतील संगणक शिकणारी मुले-मुली तो करू शकतील. मुलींना या कामात मुद्दाम पुढे आणावे. स्त्रिया आपल्या तक्रारी तरुण मुलाजवळ बोलत नाहीत. मैदानावर संडासाला जावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येऊन पडतात. हे दुखणे कोणत्याही लक्षणांच्या यादीत सापडणार नाही. ते एखादी मुलगीच विचारून घेऊ शकेल, आणि मग संडासांची संख्या वाढवून मागण्यासाठी आपल्या हाती आकडे असतील. अर्ज करताना गैरसोय झाली असे मोघम लिहिण्यापेक्षा, आमच्या बारा गटांतील चारशे ऐंशी माणसांपैकी इतक्यांना त्रास झाला, असे लिहिलेले पत्र अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची स्नाने आहेत. आषाढी वारी तर दरवर्षीच आहे. त्या निमित्ताने नवी ॲप निघतील, जाहिराती होतील, मोठमोठे आकडे वाचायला मिळतील. तेव्हा या सभागृहातील विद्यार्थ्यांनी, तुमच्यापैकी काही जण उद्या परिचारिका होतील, डॉक्टर होतील, संगणक अभियंते होतील, आरोग्यसेवक होतील, त्या ॲपकडे कुतूहलाने पाहावे आणि तीन प्रश्न जरूर विचारावेत. यात कोण मोजले गेले नाही? आजारी माणसाने कळविल्यावर किती वेळात कोण जाणार? आणि ही माहिती केव्हा पुसली जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर ते ॲप आनंदाने वापरा, इतरांना वापरायला शिकवा. नसतील तर सुधारणा मागा.

येत्या ६ डिसेंबरपूर्वी संस्थेने निदान पाच गटांपुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. ज्या विद्यार्थ्यांना आरोग्यमित्र म्हणून काम करायचे आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत. परतल्यानंतरच्या दोन आठवड्यांची नोंद पूर्ण झाली की ते आकडे, चांगले असोत वा वाईट, पुढच्या स्मरणिकेत छापावेत.